अक्काचे पोट आणि तीन डॉक्टर

माझी थोरली बहीण इंदूरला असते. आम्ही मूळचे निपाणीचे. १९८८ साली लग्न होऊन ती तिकडे गेली तेव्हा मी दहा वर्षांची होते. होळकरांच्या मागोमाग गेलेली मराठी घरे आजही इंदुरात आहेत. रामबागेत, लोकमान्य नगरात हिंडताना कानावर मराठी पडते, तेव्हा आपण मुलूख सोडून आलो असे वाटतच नाही. माझ्या भाच्यांची मराठी मात्र अर्धी हिंदी, आणि आमची अर्धी कन्नड. एकत्र जमलो की घरात तीन भाषांचा काला होतो.

२०२३ च्या दिवाळीत मी पुण्याहून गाडी धरून इंदूरला गेले. अक्का दारात उभी होती. आल्याआल्या लक्षात आले की ती उभ्या उभ्या पदर सारखा पोटावर ओढून घेते आहे. रात्री तिच्या शेजारी झोपले तेव्हा विचारले, तर म्हणाली, "काही नाही गं, वय झालं, पोट सुटलं." तिसऱ्या दिवशी पहाटे ती पोट धरून कळवळायला लागली. उलट्या सुरू झाल्या. दाजींनी रिक्षा आणली आणि आम्ही दवाखाना गाठला. तिथे नर्सने पदर बाजूला केला, तेव्हा मी पहिल्यांदा पाहिले. बेंबीच्या वर, जुन्या व्रणाच्या जागी, मोठ्या नारळाएवढा उंचवटा होता. कातडी इतकी पातळ झालेली की आतली हालचाल दिसत होती.

तो हर्निया होता. आपल्याकडची जुनी माणसे त्याला अंतर्गळ म्हणतात. त्या दिवशी सुदैवाने आतडे आपोआप आत सरकले. नाहीतर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत ते काळे पडते आणि जिवावर बेतते. दहा वर्षे तिने हे दुखणे पदराखाली दडवले होते. पुढच्या चार महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते वाचकांना सांगावे म्हणून हा लेख. मी डॉक्टर नाही, कॉलेजात इतिहास शिकवते. पण आपल्या घरात असा प्रसंग आला तर काय विचारावे, एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे.

मुळात हे होते कसे?

२०१० साली अक्काचे गर्भाशय काढण्याचे ऑपरेशन झाले. पोटावर उभा छेद होता. जखमेत पू झाला आणि महिनाभर पट्ट्या चालल्या. दोन वर्षांनी टाक्यांच्या जागी लिंबाएवढी गाठ दिसू लागली. २०१४ मध्ये दुसऱ्या एका दवाखान्यात ती फट नुसती टाके घालून शिवली. तीन वर्षांत गाठ परत आली आणि या वेळी वाढतच गेली. मग करोना आला, मुलीचे लग्न आले, आणि अक्काचे पोट मागे पडले.

आपल्या पोटाच्या भिंतीत मधोमध दोन स्नायूंचे उभे पट्टे असतात. ते छातीच्या फासळ्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत जातात. दोघांमध्ये पांढऱ्या चिवट पडद्याचा जोड असतो. दोन्ही कुशींना स्नायूंचे तीन-तीन थर, एकावर एक. ऑपरेशनसाठी मधला पांढरा जोड उघडला की नंतर तो शिवावा लागतो. ती शिवण नीट धरली नाही, जखम पिकली, रुग्णाला मधुमेह असला, वजन जास्त असले किंवा खोकल्याची ढास लागली, तर जोड हळूहळू उसवतो. कुशीचे स्नायू दोन्ही पट्ट्यांना आपापल्या बाजूला ओढत राहतात आणि फट रुंदावत जाते.

शिवण्याच्या पद्धतीनेही किती फरक पडतो पाहा. नेदरलँड्समधील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. पोट बंद करताना मोठाले, लांब लांब टाके घातले त्यांच्यात वर्षभरात शंभरातल्या २१ जणांना हर्निया झाला. बारीक, जवळ जवळ टाके घातले त्यांच्यात १३ जणांना. आपल्या आज्या गोधडी शिवताना हेच तर सांगत होत्या!

पहिला प्रश्न: जाळी की नुसते टाके?

अक्काचा पहिला हट्ट होता, "जाळीबिळी नको, साधे टाके घाला." अंगात प्लॅस्टिक राहणार ही भीती अनेकांना असते. पण तिचाच २०१४ चा अनुभव बोलका होता. डच डॉक्टरांनी २००० साली सहा सेंटीमीटरपर्यंतच्या हर्नियांची तुलना केली होती. तीन वर्षांत नुसत्या टाक्यांनंतर ४३ टक्के लोकांचा हर्निया परतला, जाळी बसवलेल्यांपैकी २४ टक्के लोकांचा. त्याच रुग्णांना दहा वर्षांनी पाहिले तेव्हा हे आकडे ६३ आणि ३२ झाले होते. म्हणजे जाळीने धोका निम्मा होतो, संपत नाही. आणि फट जेवढी मोठी, तेवढे नुसत्या टाक्यांवर विसंबणे कठीण.

ही जाळी म्हणजे पॉलीप्रॉपिलिनसारख्या प्लॅस्टिकच्या धाग्याचे विणलेले कापड. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्रान्सिस अशर या सर्जनने अशा जाळीचा वापर रूढ केला. शरीर तिच्या छिद्रांतून आपले तंतू विणते आणि भिंत मजबूत होते.

जाळीचा विषय निघाला तेव्हा दाजी म्हणाले, "अहो, आमच्या खानदेशात तर मच्छरदाणीने हर्निया शिवतात." दाजींचे मूळ गाव शिरपूरकडचे. मला ती थट्टाच वाटली. पण गोष्ट खरी निघाली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागडी जाळी न परवडणाऱ्या रुग्णांसाठी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले. आपला आणि सहकाऱ्यांचा अनुभव त्यांनी २००३ साली भारतीय सर्जनांच्या नियतकालिकात मांडला. पुढे युगांडात तीनशे पुरुषांवर रीतसर तुलना झाली आणि २०१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. स्वस्त जाळी आणि महाग जाळी यांच्या निकालात वर्षभरात लक्षणीय फरक आढळला नाही. खानदेशातल्या एका गावाची कल्पना अशी आफ्रिकेपर्यंत पोचली याचा अभिमान वाटतो. मात्र युगांडातली ती तुलना जांघेतल्या हर्नियाची होती, अक्कासारख्या मोठ्या पोटाच्या नव्हे. आणि कापड निर्जंतुक करण्याचे काम रुग्णालयाचेच. घरच्या मच्छरदाणीचा नि याचा काही संबंध नाही!

तीन डॉक्टर, तीन मते

इंदूर हे जुने वैद्यकीय केंद्र. तिथे १८७८ साली सुरू झालेली वैद्यकीय शाळा पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून नावारूपाला आली आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज उभे राहिले. महाराजा यशवंतरावांच्या नावाचे सात मजली एम. वाय. हॉस्पिटल सगळ्या माळव्याला ठाऊक आहे. त्यामुळे सर्जन शोधायला आम्हाला वणवण करावी लागली नाही. अडचण उलटीच झाली. तीन सर्जनना दाखवले आणि तिघांनी तीन वेगळी ऑपरेशने सांगितली. दाजी वैतागले, "एकच पोट आणि तीन उत्तरं?"

पहिले म्हणाले, पोट उघडून फट शिवू आणि स्नायूंच्या वर, चरबीच्या खाली जाळी अंथरू. काम तुलनेने सोपे, वेळ कमी, जाळीही साधी नि स्वस्त. पण त्यासाठी कातडी नि चरबी खालच्या स्नायूंपासून बरीच दूरवर सोडवावी लागते. त्या पोकळीत पाणी साठते, आणि जखम चिघळली तर जाळी जवळच असल्याने तिलाही संसर्ग होतो. शिवाय १२ सेंटीमीटरची फट नुसती ओढून शिवली तर शिवणीवर ताण येणारच.

दुसरे म्हणाले, दुर्बिणीने करू. लहान छिद्रांतून आत शिरायचे आणि पोटाच्या आतल्या बाजूने जाळी ठोकायची. ही पद्धत १९९३ पासून प्रचारात आली. जखम लहान, संसर्ग कमी, रुग्ण लवकर घरी. पण जाळी थेट आतड्यांच्या शेजारी येते, म्हणून तिला एका बाजूने न चिकटणारा लेप लागतो आणि अशी जाळी साध्या जाळीपेक्षा कितीतरी पट महाग पडते. लहान-मध्यम हर्नियाला हा चांगला उपाय आहे. अक्काच्या बाबतीत मात्र एवढी फट दुर्बिणीतून जवळ आणणे कठीण होते. फट तशीच ठेवून तिच्यावर जाळीचा पूल बांधला, तर पुढे तोच भाग पुन्हा फुगण्याची भीती.

तिसऱ्या डॉक्टरीणबाई. त्यांनी लगेच काहीच सांगितले नाही. आधी सी.टी. स्कॅन काढायला लावला. मग स्कॅन समोर धरून पट्टीने मोजले. फट १२ सेंटीमीटर, दोन्ही बाजूंचे स्नायूंचे पट्टे प्रत्येकी सहा सेंटीमीटर. त्यांनी सांगितलेला ठोकताळा असा: दोन्ही पट्ट्यांची रुंदी मिळून फटीच्या दुपटीपेक्षा जास्त भरली, तर साध्या पद्धतीने पोट मिटते. अक्काची बेरीज १२, आणि हव्या होत्या २४. म्हणजे कुशीतले थर सैल केल्याशिवाय पट्टे जवळ येणार नाहीत.

थर सैल करायचे म्हणजे काय?

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवले ते असे. फ्रान्समधील रिव्ह आणि स्टोपा या दोन सर्जननी जाळीला सुरक्षित जागा शोधली: उभ्या स्नायूच्या मागे आणि त्याच्या पाठच्या पडद्याच्या पुढे. तिथे जाळी आतड्यांना शिवत नाही, कातडीपासूनही लांब राहते, आणि पोटातला दाब तिला बाहेर ढकलण्याऐवजी जागीच दाबून धरतो. पण ही जागा उभ्या पट्ट्याच्या रुंदीएवढीच. मोठ्या फटीला ती अपुरी पडते.

मग १९९० साली ऑस्कर रामिरेझ यांनी कुशीच्या तीन थरांपैकी सर्वांत बाहेरचा थर उभा कापून सोडवण्याची पद्धत मांडली. तो सुटला की पट्टा मध्यभागी सरकतो. कमरेच्या पातळीवर एका बाजूने दहा सेंटीमीटरपर्यंत. उत्तम युक्ती, पण तिच्यातही कातडी दूरवर सोडवावी लागते, आणि जखमेच्या तक्रारी जास्त.

२०१२ साली अमेरिकेत युरी नोवित्स्की आणि सहकाऱ्यांनी हेच काम आतल्या बाजूने करून दाखवले. तीन थरांपैकी सर्वांत आतला थर सोडवायचा. तिला टी.ए.आर. म्हणतात, म्हणजे ट्रान्सव्हर्सस ॲब्डॉमिनिस रिलीज. कातडीला हात लावावा लागत नाही, म्हणून जखम तुलनेने कमी बिघडते. आणि फ्रेंचांनी शोधलेली ती सुरक्षित जागा कुशीपर्यंत रुंद होते, त्यामुळे मोठी, साध्या प्रकारची जाळी ऐसपैस बसते. अलीकडे ही कामे दुर्बिणीतून आणि रोबोटच्या साहाय्यानेही करतात. पण ऑपरेशन लांबते आणि हात शिकलेला लागतो. चुकीचा थर चुकीच्या जागी कापला, तर कुशीलाच नवा हर्निया होतो आणि तो दुरुस्त करणे महाकठीण. हे बाईंनी स्वतःहून सांगितले. आमचा विश्वास तिथेच बसला.

परतताना अक्का म्हणाली, "म्हणजे पुरणपोळीसारखंच. पुरण जास्त आणि कणीक कमी असेल तर नुसती तोंडं ओढून मिटली तर फुटणारच. आधी कणीक सैल करायची, मग पुरण भरायचं." माझ्या दहा ओळींपेक्षा तिची ही एक ओळ बरी!

त्यात आणखी एक गोष्ट आहे. काही रुग्णांचे आतडे वर्षानुवर्षे बाहेर राहिलेले असते. एकदम आत कोंबले तर छातीच्या पडद्यावर दाब येतो आणि श्वास घेणे अवघड होते. अशांसाठी अर्जेंटिनाच्या गोनी मोरेनो यांनी १९४० च्या दशकात ऑपरेशनपूर्वी काही दिवस पोटात थोडी थोडी हवा भरून जागा वाढवण्याची रीत काढली. २००९ पासून कुशीच्या स्नायूंत बोटॉक्सची इंजेक्शने देऊन ते सैल करण्याचीही पद्धत आली. सुरकुत्यांसाठी नट्या घेतात तेच हे औषध. अक्काला या दोन्हींची गरज लागली नाही.

मशेरीची डबी

पण बाईंनी ऑपरेशनची तारीख दिली नाही. म्हणाल्या, तीन महिने तयारी. साखर आटोक्यात, वजन सहा-सात किलो खाली, रोज चालणे, श्वासाचे व्यायाम. मग विचारले, "तंबाखू?" अक्का म्हणाली, "छे! आमच्या घरात कोणी विडीसुद्धा ओढत नाही."

मी गप्प बसले. आपण निपाणीची माणसे. तंबाखूच्या वखारींच्या वासात वाढलेली. अक्काची मशेरीची डबी मी लहानपणापासून पाहत आले आहे. सकाळी दात घासायला म्हणून सुरू झालेली मशेरी दुपारी, रात्री अशी दिवसातून चार वेळा होते, आणि बायका तिला तंबाखू समजत नाहीत. इंदूरला गेल्यावरही डबी सुटली नव्हती. आई दरवर्षी पार्सलात पाठवत असे.

बाहेर आल्यावर मी म्हटले, "अक्का, तू खोटं का बोललीस?" तिने उत्तर दिले नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी निघायच्या आदल्या रात्री भांडी घासता घासता म्हणाली, "सासरी कुणाला माहीत नाही गं. छत्तीस वर्षं लपवलंय. आता या वयात सुनेसमोर कसं सांगू?" पदराखाली हर्निया, आणि त्याच पदराच्या टोकाला बांधलेली मशेरीची डबी. मला रडू आले.

निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. जखमेला रक्त कमी मिळते, टाके भरत नाहीत, पू होतो. ते विडीतून येवो, गुटख्यातून येवो की मशेरीतून, शरीराला सारखेच. म्हणून निदान महिनाभर आधी ते पूर्ण बंद करायला डॉक्टर सांगतात. कदाचित २०१० ची जखमही म्हणूनच पिकली असेल, कोण जाणे. त्या वेळी कुणी विचारले नाही आणि अक्काने सांगितले नाही.

पुढच्या भेटीला मी नव्हते. अक्का एकटी आत गेली आणि बाईंना सारे सांगून आली. बाहेर येऊन तिने सुनेच्या हातात डबी दिली. सून म्हणाली, "आई, मला ठाऊक होतं." एवढेच. छत्तीस वर्षांचा धाक दोन शब्दांत संपला.

ऑपरेशन आणि नंतर

एप्रिल २०२४ मध्ये ऑपरेशन झाले. जवळजवळ पाच तास. टी.ए.आर. केले, पट्टे मध्यभागी जुळले, मागे मोठी जाळी बसली. एक रात्र अतिदक्षता विभागात काढली. पाणी निघून जाण्यासाठी दोन नळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी तिला धरून उभे केले. आठव्या दिवशी ती पोटाचा पट्टा बांधून घरी आली. तीन महिने जड उचलायचे नाही, ही ताकीद.

निपाणीहून शेजारच्या काकूंचा फोन आला. त्या घरी कन्नड बोलतात. "होलिगे हाकिद्रा?" म्हणजे टाके घातले का, असे त्यांनी विचारले. फोन स्पीकरवर होता. अक्काच्या नातवाला कन्नड येत नाही, पण आजोळी खाल्लेली होळिगे त्याला पक्की आठवते. तो ओरडला, "आजीला पुरणपोळी पाठवतायत!" अक्काला हसू आवरेना, आणि हसताना पोट दुखेना का! उशी पोटाशी धरून हसायचे असते, हे नर्सने शिकवलेले तेव्हा कामी आले.

दीड वर्षाहून अधिक काळ लोटला. पोट अजून सपाट आहे. पण या दुखण्यात दीड-दोन वर्षे म्हणजे निकाल नव्हे. आकडे आपण वर पाहिलेच. अक्का ते जाणते, आणि दरवर्षी दाखवायला जाते.

विचारायचे ते विचारा

तीन डॉक्टरांची तीन मते म्हणजे तिघांपैकी दोघे चुकले असे नव्हे. फट लहान असती तर पहिल्या दोघांचे उपाय कदाचित पुरले असते. कोणती पद्धत श्रेष्ठ हा प्रश्नच अपुरा आहे. या पोटाला, या फटीला, या सर्जनच्या हाताने कोणती, हे विचारायचे. म्हणून आपल्या घरातले कुणी या वाटेवर असेल तर एवढे प्रश्न कागदावर लिहून न्या. फट किती सेंटीमीटर आहे? स्कॅन लागेल का? स्नायू मध्यभागी जुळणार की जाळीचा पूल होणार? जाळी कोणत्या थरात बसवणार? हे ऑपरेशन तुम्ही नेहमी करता का? बिघडले तर काय काय बिघडू शकते? आणि त्यांनी आपल्याला विचारले तर खरे सांगा. साखर, खोकला, बद्धकोष्ठ, विडी, गुटखा, मशेरी, सगळे.

गाठ एकाएकी कडक झाली, आत जाईना, उलट्या, ताप किंवा पोटफुगी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठा.

आणि बायांनो, पदर पोटावर ओढून घेण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. घरातली बहीण, आई, सासू तसे करताना दिसली, तर एकदा विचारा. "पोट सुटलंय" हे उत्तर मिळाले, तर दुसऱ्यांदा विचारा. मी दहा वर्षांत इंदूरला सात वेळा गेले होते, आणि एकदाही विचारले नव्हते.